ओळीत न बसलेलं नाव

सूर्यभानजींची धाकटी मुलगी आचल माझ्या प्रेसमध्ये आली आणि तिने मला तोंडावर सांगितलं, की तिच्या लग्नाची पत्रिका कागदावर निघणार नाही, वेबसाइटवर निघणार. परतवाड्यात मी चाळीस वर्षं लग्नपत्रिका छापतोय. अर्ध्या गावाची लग्नं माझ्या हातून गेली आहेत आणि त्यातली बरीचशी टिकलीही आहेत. अशा माणसाला ही पोरगी सांगते, कागद नको. मी म्हटलं, मग इकडे कशाला आलीस? ज्याला गोड खायचं नाही त्याने हलवायाची पायरी चढू नये. तिने शांतपणे स्टूल ओढलं आणि बसली.

“काका, आमच्या घरच्या पत्रिका तुमीच करत आले. हेबी तुमीच करा. नाही तं मले अमरावतीच्या पोरायले सांगा लागन.”

माझी गिऱ्हाइकं पळवणाऱ्या अमरावतीच्या पोरांचं नाव काढलं की मी काय करतो, हे तिला चांगलं ठाऊक आहे. मी हो म्हणून बसलो. ती गेल्यावर माझ्या लक्षात आलं की वेबसाइट म्हणजे नेमकं काय, हेच मला माहीत नाही.

संगणक माझ्याकडे होता. डीटीपी करणारी मुलगी लग्न होऊन गेली तेव्हापासून तो कोपऱ्यात पडून होता. दसऱ्याला त्याला हार घालायचा आणि वर्षभर त्याच्यावर टॉवेल वाळत टाकायचा, एवढाच आमचा संबंध. पत्रिकेचा मजकूर मी हाताने लिहून अमरावतीला पाठवायचो, तो छापून यायचा. मूळचा मी जुळारी, म्हणजे शिशाचे खिळे एकेक करून जुळवणारा आणि त्यांची ओळ बांधणारा माणूस. अकरा वर्षांपूर्वीपर्यंत माझं पायाने चालवायचं छपाई यंत्र सुरू होतं. तेव्हाच ते प्रकरण घडलं. ते इथेच सांगून टाकतो, कारण ते पोटात ठेवून ही गोष्ट पुढे सरकायची नाही.

सूर्यभानजींच्या थोरल्या मुलीचं, रागिणीचं लग्न होतं. सूर्यभानजी परतवाड्यात राहतात आणि त्यांचे मोठे भाऊ केशवराव अचलपुरात. दोन घरांत दहा मिनिटांचं अंतर, शेतं एकाच धुऱ्याला, म्हणजे बांधाला, लागून. आमच्या वऱ्हाडात पत्रिकेतली नवरा-नवरीची नावं कोणी फार निरखत नाही, ती माहीतच असतात. लोक निरखतात ती खालची निमंत्रकांची यादी. आपलं नाव आहे का, आणि असलं तर कोणाच्या वर, कोणाच्या खाली. केशवरावांचं नाव अर्थातच सर्वांत वर यायला हवं होतं. पण ते नुसतं नाव नव्हतं. ‘श्री. केशवराव महादेवराव निंभोरकर, माजी सरपंच, माजी संचालक, खरेदी-विक्री संघ’ अशी ती मालगाडी होती. पहिली ओळ मी नेहमी मोठ्या टायपात घेत असे, आणि त्या टायपात ही मालगाडी काही केल्या बसेना. दोन ओळी केल्या तर खालचे साडू पानाबाहेर जात होते. मग मी सूर्यभानजींचं आटोपशीर नाव वर उचललं आणि केशवरावांना त्यांच्या खाली लहान टायपात बसवलं. ओळ सुरेख बसली. तिच्याकडे पाहून मी खूशही झालो होतो, हे सांगायची आज लाज वाटते.

सूर्यभानजींनी लग्नाच्या धावपळीत प्रूफ न वाचताच सही केली. पत्रिका वाटल्या गेल्या, आणि केशवराव लग्नाला आले नाहीत. धाकट्याने मला मुद्दाम खाली ढकललं, असं त्यांच्या मनाने घेतलं. तेव्हापासून दोघा भावांत बोलणं नाही. सूर्यभानजींनी मला एका शब्दाने कधी विचारलं नाही. ‘प्रूफवर सही माझी होती’, एवढंच ते म्हणायचे. आणि मी कोणालाच काही सांगितलं नाही. आधी धंद्याच्या भीतीने सांगितलं नाही, नंतर उशीर झाला म्हणून, आणि त्यानंतर फारच उशीर झाला म्हणून.

आचल येऊन गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सूर्यभानजी आले. वेबसाइटबद्दल त्यांना काही म्हणायचं नव्हतं. पत्रिका कागदावर काढा नाही तर हवेत काढा, म्हणाले. दारापर्यंत गेले आणि तिथून वळून बोलले, “नत्थुजी, या डाव दादा आला पाह्यजे. आता आमच्या घरात दुसरं लग्न नाही राहिलं.”

मी मान हलवली.

तर शिकणं भाग होतं. पहिला दिवस हिंदी व्हिडिओ बघण्यात गेला. त्यातला मुलगा इतक्या घाईत बोलायचा की त्याची बस सुटत असावी. दुसऱ्या दिवशी एका इंग्रजी संकेतस्थळावर गेलो. तिथे प्रत्येक शब्दाचा अर्थ सांगायला आणखी तीन अनोळखी शब्द वापरले होते. माझी बायको सुंदराबाई आतून सगळं ऐकत होती. ती म्हणाली की म्हातारा उंट आणि नवी चाल, आता पडाल. मी चिडून तिसरा दिवस तसाच रेटला आणि त्या दिवशी मला ‘ओनामा’ सापडलं.

‘ओनामा’ हे नवशिक्यांसाठी चालवलेलं मराठी संकेतस्थळ. अकोल्यात तंत्रनिकेतनात शिकवणाऱ्या देवश्री नावाच्या बाई ते एकट्या चालवतात. त्यात संगणकाच्या शब्दांचा कोश आहे, आणि कोशात अर्थ असे दिलेत की माणसाला आपण ढ आहोत असं वाटत नाही. ब्राउझर म्हणजे पान उघडून दाखवणारा. स्वतः काही लिहीत नाही, फक्त दाखवतो. सर्व्हर म्हणजे कधीही न झोपणारा संगणक. जो मागेल त्याला पान देतो. होस्टिंग म्हणजे त्या संगणकात आपल्या पानासाठी मिळालेली खोली, आणि डोमेन म्हणजे त्या खोलीचा पत्ता. प्रत्येक धड्याखाली एक रिकामी चौकट. डाव्या बाजूला आपण लिहायचं, उजव्या बाजूला पान कसं दिसेल ते लगेच उमटतं. सर्वांत खाली ‘विचारा’ अशी पाटी. तिथे प्रश्न टाकला की बाई एक-दोन दिवसांत उत्तर देतात.

त्या चौकटीने मला वेड लावलं. मजकुराच्या आधी एक खूण लावायची, नंतर दुसरी लावून ती मिटवायची, की मधला मजकूर ठळक होतो. पहिल्यांदा मी मिटवायची खूण विसरलो. नवरीच्या नावापासून थेट मंगल कार्यालयाच्या पत्त्यापर्यंत सगळं पान ठळक होऊन माझ्या अंगावर आलं. पुढच्या धड्यात समास आला आणि मी खुर्चीत सरळ बसलो. समास तर मी आयुष्यभर सोडत आलोय. मग दोन ओळींमधलं अंतर आलं. ते आम्ही ओळींमध्ये शिशाची पट्टी घालून राखायचो, इथे नुसता आकडा लिहायचा. म्हणजे ही नवी मंडळी आमचंच काम करत होती, फक्त हात काळे न करता. त्या दिवशी मी सुंदराबाईला हाक मारून पान दाखवलं. तिने चष्मा लावून पाहिलं आणि ‘स्थळ’ हा शब्द दोनदा आल्याचं दाखवून दिलं. तेव्हापासून मी प्रत्येक पान कागदावर छापून घ्यायचो आणि लाल शाईने तपासायचो. देवश्रीबाईंना हे कळवलं, तर त्यांनी उत्तरात लिहिलं की असं करणारे तुम्ही माझे पहिलेच विद्यार्थी आहात. मी ते कौतुक समजलो.

पंधरा दिवसांत पान उभं राहिलं. वर गणपती, मध्ये आचल आणि अकोल्याचा नवरदेव पियुष, मुहूर्त, रस्त्याचा नकाशा, आणि खाली निमंत्रकांची यादी. चौदा नावं. त्या यादीपाशी येऊन माझे हात थांबले. केशवरावांना वर घ्यावं, तर मुलीचे वडील असून सूर्यभानजी खाली. सूर्यभानजींना वर घ्यावं, तर जुनी जखम. शिवाय मामा, साडू, आत्याचे यजमान यांचेही आपापले मान आहेतच.

मग मला एक कल्पना सुचली. इतकी सुंदर कल्पना मला उभ्या आयुष्यात सुचली नव्हती. मी ‘विचारा’वर लिहिलं की असं पान करता येतं का, ज्यात यादी एकच असेल पण प्रत्येकाला आपलंच नाव सर्वांत वर दिसेल?

देवश्रीबाईंनी दुसऱ्याच दिवशी कळवलं. येतं. पानाच्या पत्त्याला शेवटी प्रश्नचिन्ह लावून त्यापुढे त्या माणसाचं नाव जोडायचं. पान उघडताना ते नाव वाचतं आणि यादीत वर उचलतं. त्यासाठी लागणाऱ्या आठ ओळी त्यांनी लिहून दिल्या आणि प्रत्येक ओळ काय करते तेही समजावलं. खाली एक प्रश्न विचारला होता, “पण एकाची लिंक दुसऱ्याने उघडली तर चालेल का?” मी जरा ताठ्यातच उत्तर दिलं, की बाई, आमच्याकडे पत्रिका ज्याची त्यालाच देतात, वर नाव घालून, हळदकुंकवाची बोटं लावून. दुसऱ्याची पत्रिका कोणी उघडत नाही.

चाळीस वर्षं कागद हाताळणाऱ्या माणसाची अक्कल ती. कागद ज्याच्या हातात दिला त्याच्याच घरात राहतो, खुंटीला अडकतो नाही तर डाळीच्या डब्याखाली जातो. लिंकला पाय असतात, हे कोणत्या जुळाऱ्याला माहीत असणार?

चौदा लिंका मी चौदा जणांना पाठवल्या. संध्याकाळपासून फोन सुरू झाले. साडू म्हणाले की एवढ्या वर्षांत सासरवाडीच्या गोतावळ्याने पहिल्यांदा माझी किंमत ओळखली. मामांनी शाल देऊ केली. आत्याच्या यजमानांनी तर आपल्या नातवाच्या मुंजीची पत्रिकाही माझ्याकडेच करायचं ठरवून टाकलं. आणि केशवरावांचा मुलगा किशोर यानेही फोन केला. म्हणाला, बाबांनी पान तीनदा उघडून पाहिलं. मग लग्नाला किती दिवस उरले ते विचारलं. ते ऐकून मी फोन ठेवला आणि प्रेसमध्ये एकटाच हसत बसलो. अकरा वर्षांची गाठ मी कोणालाही न दुखवता, कोणापुढेही मान खाली न घालता सोडवली होती. सूर्यभानजींनाही मी ही युक्ती सांगितली नव्हती. त्यांना त्यांचं नाव वर दिसत होतं, दादाला दादाचं. झालं.

ते सुख दोन दिवस टिकलं. निंभोरकरांचे दोन भाऊ एकमेकांशी बोलत नाहीत, पण दोन्ही घरांचा मिळून मोबाइलवर एक ग्रुप आहे आणि त्यात पोरं रोज सकाळी एकमेकांना गुलाबाची फुलं पाठवतात. किशोरने आनंदाने बाबांची लिंक त्या ग्रुपवर टाकली. तासाभराने सूर्यभानजींनी आपली लिंक टाकली, लेकीचं लग्न म्हणून, भोळेपणाने. केशवरावांनी दोन्ही उघडल्या. एकीत ते वर आणि भाऊ खाली, दुसरीत भाऊ वर आणि ते खाली.

किशोर प्रेसमध्ये आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. बाबा म्हणाले की दाखवायला एक पत्रिका आणि वाटायला दुसरी, अशी दोन तोंडं सूर्याला कधीपासून फुटली? लग्नाला घरातून कोणीही जायचं नाही, असं त्यांनी सांगून टाकलं होतं. किशोर गेला आणि मागोमाग सूर्यभानजी आले. ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फोन माझ्यापुढे धरला आणि काय झालं असेल ते मलाच विचारलं. आपल्या हातूनच काहीतरी चुकीचं दाबलं गेलं असावं, असं त्यांना वाटत होतं.

मी तेव्हाही बोललो नाही. बघतो म्हणालो. ते मान खाली घालून पायऱ्या उतरले, आणि मला माझी अशी किळस आली की मी टॉवेल घेऊन संगणकावर टाकला.

मग तो परत काढला आणि ‘विचारा’वर सगळं लिहिलं, या वेळी जुन्या पत्रिकेसकट. ही चूक कशी दुरुस्त करू, असं विचारलं. देवश्रीबाईंचं उत्तर त्याच दुपारी आलं. आतापर्यंतच्या उत्तरांतलं ते सर्वांत लहान उत्तर होतं.

“नत्थुजी, कोड बरोबर आहे, मी पुन्हा तपासला. जे बिघडलंय ते कोडमध्ये नाही. त्यासाठी तुम्हाला अचलपूरला जावं लागेल.”

मी ते सुंदराबाईला वाचून दाखवलं. जुनी गोष्ट तिला पहिल्यापासून माहीत होती. अकरा वर्षांत तिने ती एकदाही काढली नव्हती, पण आता ती कणीक मळता मळता थांबली. “एक डाव गप्प बसले, तं भाऊ तुटले,” ती म्हणाली. “आता पोरीच्या लग्नातबी गप्प बसता काय?”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्कूटर काढली. दहा मिनिटांच्या रस्त्यावर मी तीनदा थांबलो. एकदा पेट्रोल बघायला, एकदा चहा घ्यायला आणि एकदा नुसताच. केशवराव बैठकीत कूलरसमोर पेपर वाचत बसले होते. पंचाहत्तरीला आलेला माणूस, पण बसणं अजून सरपंचाचं. त्यांनी मला बसायला सांगितलं नाही. बरंच झालं, बसलो असतो तर हवापाण्याच्या गप्पा मारून परत आलो असतो.

“दादाजी,” मी म्हटलं, “रागिणीच्या पत्रिकेत तुमचं नाव सूर्यभानजीनं खाली नाही टाकलं. मी टाकलं. तुमच्या नावामांगं दोन पदं होते, ओळ बसे ना, म्हणून तुमाले खाली घेतलं. त्यायले ठाऊकबी नव्हतं. अन् हे आताचंबी माहंच काम हाय. ज्याले त्याले आपलं नाव वर दिसावं म्हणून केलं. त्यायले हेबी ठाऊक नाही.”

त्यांनी पेपर खाली ठेवला. मला वाटलं आता शिव्या येतील, आणि खरं सांगतो, मी त्यांची वाट बघत होतो. त्या आल्या नाहीत.

“सूर्या तुले काहीच नाही बोलला?”

“नाही. ‘सही माही होती’, एवढंच म्हणते.”

त्यांनी चष्मा काढून पेपरवर ठेवला. मग हळू आवाजात म्हणाले, “पदं काढून टाकाचे होते ना, नत्थू. भाऊ काहून काढला?”

मी बासष्ट वर्षांचा माणूस, त्यांच्या बैठकीत उभ्याउभ्या रडलो. त्यांनी तांब्या पुढे सरकवला. पाणी पिऊन होईपर्यंत तेही डोळे पुसून मोकळे झाले होते आणि चष्मा खराब असल्याचं सांगत होते.

मग त्यांनी विचारलं की ती पदं आता काढता येतात का, की त्याला अमरावतीला जावं लागतं? मी म्हटलं, इथेच निघतात. ‘ओनामा’वर फोनमधून पान दुरुस्त करण्याचा धडा आहे, तो माझा झाला होता. मी त्यांच्या शेजारी बसलो, फोनवर पान उघडलं आणि एका बोटाने माजी सरपंच खोडलं. ते बघत होते. माजी संचालक खोडताना त्यांनी जरा खाकरल्यासारखं केलं, पण थांबवलं नाही. देवश्रीबाईंच्या त्या आठ ओळीही काढून टाकल्या. आता ज्याने कोणी उघडलं त्याला एकच यादी दिसणार होती.

“सूर्याचं वरते ठेव,” केशवराव म्हणाले. “पोरगी त्याची हाय.”

मी त्यांचं नाव त्याच ओळीत, सूर्यभानजींच्या शेजारी घेतलं. मालगाडी गेल्यामुळे दोन्ही नावं आरामात मावली. मला साडूंची काळजी वाटत होती. इतक्या वर्षांनी ओळखलेली किंमत दोन दिवसांत परत घेतली गेल्यावर ते प्रेसवर चालून येतील, असं मी बोलून दाखवलं. केशवरावांनी सांगितलं की त्याला माझ्याकडे पाठव, मी बघतो. बोलता बोलता ते उठले, टोपी झटकून डोक्यावर ठेवली आणि मला स्कूटर काढायला सांगितलं. आतून आलेला किशोर गाडी आणतो म्हणाला, तर त्यालाही नको म्हणाले. तुझी आई आल्याशिवाय तू निघायचं नाहीस आणि तिला तयार व्हायला वेळ लागतो, असं कारण दिलं.

रस्ताभर ते माझ्या खांद्याला धरून मागे बसले होते. एकदा त्यांनी कानाशी येऊन विचारलं की एवढं सगळं या वयात शिकलास कुठे? मी अकोल्याच्या बाईंचं सांगितलं. बाईंना मी कधी भेटलो नाही, त्यांनी फी घेतली नाही, आणि तरी त्या शिकवतात, यावर केशवरावांचा विश्वास बसेना. बाईला लग्नाला बोलाव, म्हणाले. मी म्हटलं, लिंक पाठवतो. ते म्हणाले, “लिंक नको. फोन कर.”

सूर्यभानजींच्या घरी पोचलो तेव्हा ते अंगणात एकटेच होते. हळदीचा मांडव किती मोठा लागेल ते दोराने मोजत होते. दोराचं एक टोक त्यांनी दगडाखाली दाबलं होतं, पण दोर ओढला की तो दगड सरकायचा आणि ते परत येऊन तो नीट ठेवायचे. स्कूटरचा आवाज ऐकून त्यांनी वर पाहिलं. मला पाहिलं, मग माझ्या मागून उतरणाऱ्या माणसाला पाहिलं, आणि दोर हातात धरून जागच्या जागी उभे राहिले.

येता येता मी शब्द जुळवून ठेवले होते. आधी मी बोलणार होतो, सगळं पुन्हा सांगणार होतो. पण केशवराव मला मागे टाकून पुढे गेले. त्यांनी पायाने दगड बाजूला केला, वाकून दोराचं टोक उचललं आणि ते घेऊन कुंपणापर्यंत चालत गेले. तिथे उभं राहून त्यांनी दोराच्या लांबीकडे पाहिलं, आणि अकरा वर्षांनी भावाशी बोलले.

“कमी पडन हे. माह्याकडचे पाहुणे तू मोजलेच नाही.”

सूर्यभानजींनी हातातला दोर आणखी चार हात सोडला.